तीन बोटांची दुमड

कापड संपलं आणि पँटी अजून चाळीस बाकी होत्या.

कटिंग मास्तर रिकाम्या ताग्याची पुठ्ठ्याची नळी हातात धरून काकूंच्या मशीनसमोर येऊन उभे राहिले. साठी उलटलेला माणूस, पण चेहरा असा, की आत्ताच आईची बरणी फोडून आलाय.

"चष्मा पुसा आणि परत मोजा," काकू मान वर न करता म्हणाल्या.

"तीनदा मोजलं."

"मग चौथ्यांदा मोजा. सरकारी कापडाला काही पाय फुटत नाहीत."

शिवणखान्यात बावीस मशीनं होती, ती एकेक करून थांबली. डेपोतून कापड आलं होतं ते बरोबर बाराशे पँटींचं, मोजून, ताग्याताग्यावर शिक्का मारून. झाल्या होत्या अकराशे साठ. चाळीस लष्करी पँटींचं कापड म्हणजे काही रुमाल नव्हे, की कुणी जाता जाता पिशवीत कोंबला.

काकूंनी हातातली शिवण पुरी केली, दोरा तोडला आणि मगच त्या उठल्या. घराला आग लागली असती तरी त्यांनी आधी दोरा तोडला असता. ढिगातली वरची पँट त्यांनी उचलली. कंबरपट्टा पाहिला, खिसे उलटे केले, बैठकीची शिवण ताणून बघितली. कुठेच काही वावगं नव्हतं. मग त्यांनी पायाचं टोक उलटं केलं आणि आतल्या दुमडीवर बोटं टेकवली. एक, दोन, तीन. तिन्ही बोटं पुरेपूर बसली.

काकूंनी दुसरी पँट ओढली, तिसरी ओढली. तिथेही तीन बोटं.

सव्वीस वर्षं या खोलीत फक्त शाळेचे गणवेश शिवले गेले होते. शाळेच्या पँटीला खाली तीन बोटं कापड आत दुमडून ठेवायचं, हा इथला कायदा होता. पोर वाढलं की त्याची आई पँट घेऊन दाराशी यायची, दुमड उसवून एक बोट सोडून मिळायची, पुढच्या वर्षी आणखी एक. एका पँटीवर तीन वर्षं निघायची. यंदा लष्कराचं पहिलंच काम आलं तेव्हा मास्तरांनी नवा फर्मा कापला नाही. शाळेचाच पुठ्ठ्याचा फर्मा घेतला, कंबरेला रुंद केला, पायाला लांब केला आणि खालची तीन बोटं होती तशी ठेवली. बायांच्या हातांना जे माहीत होतं ते हातांनी केलं. या सगळ्यात डोक्याला कुणी विचारलंच नाही.

"एक बोट दुमड हवी होती," सून हळूच म्हणाली. "कागदावर लिहिलंय. दुसऱ्या पानावर."

"मग सांगायला तोंडाला कुलूप होतं का?"

"मी वाचायला बसले होते आई. तुम्ही म्हणालात, पँट ती पँट, त्यात वाचायचं काय."

काकू दोन यत्ता शिकलेल्या आणि त्या दोन यत्तांच्या जोरावर त्यांनी आजवर भल्याभल्यांची तोंडं बंद केली होती. सून चौदा वर्षं शिकून आलेली. तरी या घरात शेवटचा शब्द कुणाचा, हे ती पहिल्याच आठवड्यात शिकली होती.

"म्हणाले असेन," काकू म्हणाल्या. त्यांच्या तोंडून माफी म्हणून याहून जास्त काही निघत नसे, आणि सुनेला ते कळत होतं.

"त्याच पानावर आणखी एक आहे," सून म्हणाली. "कापडात तूट आली तर चोरी धरणार. आणि मशीनं जमा करणार."

आता कुणी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. मशीनं त्यांची आणि नव्हतीही. ती शाळेच्या योजनेतून आलेली. तीन वर्षांपूर्वी योजना बंद झाली. गावात तोफांचा कारखाना आला त्याच वर्षी. त्याच वर्षी शाळेतलं दूध बंद झालं, कारागिरी शिकवणाऱ्या शाळेच्या इमारतीत डेपो आला आणि गावाची वीज तोफांच्या कारखान्याकडे वळली. शेजारचा लेथवाला तेव्हापासून दुकानाच्या पायरीवर बसून दात कोरायचा. बर्फवाला गेला, छापखानेवाला गेला. गल्लीत दिवसभर वीज होती ती फक्त काकूंकडे, आणि तीही लष्कराचं काम घेतलं म्हणून. बावीस मशीनं गेली असती तर बावीस घरांनी उद्या खायचं काय, हा प्रश्न तिथे प्रत्येकीच्या कपाळावर लिहिलेला होता.

मास्तर म्हणाले, "गिरणीनंच कमी माप दिलं म्हणू. नळ्या जाळून टाकतो, कोण मोजतंय."

"आणि मी सव्वीस वर्षांनी खोटं बोलायला शिकू? या वयात नवीन काही डोक्यात जात नाही माझ्या."

"मग काय करायचं?"

"खरं सांगायचं. माझं डोकं चालत नव्हतं म्हणून सांगायचं." त्या सुनेकडे वळल्या. "डेपोत निरोप धाड. चाळीस कमी आहेत, येऊन बघून जा. आणि नीट लिही, माझ्यासारखं नको."

काजं करणारी बाई कोपऱ्यातून म्हणाली, "काकू, उद्याच तर ते पुढारी येणारेत. फोटो काढायला."

"येऊ देत. पाहुण्यांची गर्दी झाली की घर भरल्यासारखं वाटतं."

*

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गल्लीत दोन गाड्या आल्या. पुढची पांढरी, मागून हिरवा ट्रक.

पांढऱ्या गाडीतून पुढारी उतरले. याच गल्लीतले. आठवड्यापूर्वी त्यांच्याच माणसांनी शिवणखान्याच्या दारावर फलक ठोकला होता : देश वाढतोय, घर वाढतंय. खाली त्यांचा फोटो, आणि फोटोच्या मागे तोफ. तोफ फोटोपेक्षा देखणी आली होती. सोबत कॅमेरा घेतलेला एक माणूस होता.

ट्रकमधून डेपोचे तपासणी साहेब उतरले. सुकलेले, नीटस, हातात फाइल. त्यांच्यामागे दोन जवान. ट्रक रिकामा होता. तो कशासाठी आणलाय हे बायांना न सांगता समजलं.

"चाळीस पँटींचं कापड कुठंय?" साहेबांनी नमस्कार-चमत्काराला फाटा देऊन विचारलं.

"तुमच्यासमोरच आहे. अकराशे साठ पँटींच्या पायात."

काकूंनी पँट उलटी करून दाखवली. कटिंग मास्तरांनी फर्मा पुढे केला. साहेबांनी दुमडीला फूटपट्टी लावली, दुसरी पँट घेतली, तिसरी घेतली, ढिगाच्या तळातून एक ओढून काढली. सुनेनं एका कागदावर हिशोब करून ठेवला होता : पँटीमागे किती कापड जास्त गेलं, त्यात किती पँटी झाल्या असत्या. साहेबांनी तो दोनदा तपासला.

"जवळपास जुळतं," ते म्हणाले. आवाजात जरा निराशाच होती. "पण बाई, कागदावर स्वच्छ लिहिलंय, एक बोट. शाळेची पोरं वाढतात म्हणून तीन ठेवत असाल. सैनिक वाढत नसतो."

"कोण म्हणतं?"

"कोण म्हणतं म्हणजे काय? पूर्ण वाढ झालेल्यालाच भरती करतात."

काकूंनी त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं. दोघे जवान दाराशी ताठ उभे होते. ताठ उभं राहिल्यामुळे तर जास्तच दिसत होतं. दोघांच्याही पँटी घोट्याच्या वर चार बोटं थांबल्या होत्या, खाली मोज्यांची प्रदर्शनं.

"साहेब, तुमच्या माणसांचे पाय बघा जरा. पूर आला होता का डेपोत?"

बाया फिसकन हसल्या. साहेबांनी वळून पाहिलं. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट माणसाला दिसत नाही, ती अशी कुणीतरी बोट दाखवल्यावरच दिसते.

काकू टेप घेऊन डाव्या बाजूच्या जवानापाशी गेल्या. त्याच्या कमरेपासून घोट्यापर्यंत एका पायाचं माप घेतलं, मग दुसऱ्याचं. टेप हातातच ठेवून त्यांनी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. चेहरा त्यांना ओळखू आला नव्हता. पाय आले होते.

"डावा अर्धं बोट लांब. तू नदीपलीकडच्या शाळेतला ना रे? तुझी आई दरवेळी भांडायची, की काकूंनी पँट वाकडी शिवली."

जवानानं साहेबांकडे पाहिलं, मग खाली. "हो, काकू."

"भरती होऊन किती दिवस झाले?"

"अकरा महिने."

"जेवण बरं आहे?"

"दोन्ही वेळा मिळतं. पोटभर."

"तेच," काकू म्हणाल्या.

*

आतापर्यंत पुढारी कॅमेऱ्यासाठी उजेड कुठे चांगला पडतो ते बघत होते. मशीनं ट्रकात चढली तर फोटो काय काढायचा, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. ते काकूंना हलकेच कटिंगच्या टेबलामागे घेऊन गेले.

"काकू, कशाला वाढवता? साहेबांचं मी बघतो. चाळीस पँटींचं कापड काय, चारशेचं मिटवीन. तुम्ही फक्त कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं बोला. लष्कराच्या कामानं आमची घरं उभी राहिली. देश वाढतोय. बस्स. मशीनं तुमची, वीज तुमची, पुढचं काम तुमचं."

"दोनच वाक्यं?"

"दोनच."

काकूंनी मागे वळून पाहिलं. बावीस जणी पाहत होत्या. काजवालीच्या हातात सुई तशीच धरलेली. तिचा मुलगा डेपोत जवान होता, म्हणजे तिला दोन्हीकडून मार. काकू हो म्हणाल्या असत्या तरी कुणी त्यांना नावं ठेवली नसती, आणि हे काकूंना चांगलं माहीत होतं. तेच त्यांना सलत होतं.

"थांब," त्या म्हणाल्या. "दोन वाक्यं बोलायची तर आधी ती खरी आहेत का ते बघते. माझ्याकडे आहे मोजायचं साधन."

भिंतीवर एका तारेवर कोऱ्या मांजरपाटाच्या सव्वीस पट्ट्या ओळीनं लटकत होत्या. नवख्या माणसाला ती उरलेली लक्तरं वाटायची. काकूंना लिहिण्याचा कंटाळा. दर वर्षी शाळा उघडली की चौथीतल्या पोरांची मापं घ्यायची, आणि त्या वर्षीच्या पट्टीवर प्रत्येक पोराची एक शाईची रेघ मारायची. पट्टीचं वरचं टोक म्हणजे कंबर. रेघ जिथे, तिथे घोटा. एका वर्षाची एक पट्टी. मोठ्या मापाची पँट किती शिवायची, लहान किती, ते त्या रेघांचा गठ्ठा कुठे दाट आहे ते बघून ठरायचं.

काकूंनी सगळी तार खिळ्यावरून उतरवली आणि टेबलावर पसरली.

"ये. तुला आकडे कळतात, तू बघ."

पुढारी वाकले. पहिल्या तेवीस पट्ट्यांवर रेघांचा दाट गठ्ठा वर्षावर्षानं थोडा थोडा खाली उतरत गेला होता. शेवटच्या तीन पट्ट्यांवर तो एकदम वर चढला होता, दीड बोट.

पुढाऱ्यांचा चेहरा उजळला. "बघा की काकू. शेवटच्या तीन वर्षांत रेघ वर गेलीय. आमच्या तक्त्यातही असंच आहे. मी काय वेगळं सांगतोय?"

काजवालीच्या तोंडून हसू फुटलं, आणि ते आवरेना.

"अरे शहाण्या," काकू म्हणाल्या, "वर कंबर आहे. रेघ वर गेली म्हणजे पाय आखूड झाला. चौथीतलं पोर तीन वर्षांपूर्वीच्या चौथीतल्या पोरापेक्षा दीड बोट बुटकं आहे. पूर्वी शाळा उघडली की दुमड सोडून घ्यायला आयांची रांग लागायची. गेल्या वर्षी किती आल्या, विचार सुनेला. चौदा. पोरं वाढतच नाहीत, तर दुमड सोडायची कशाला? दूध बंद केलंत, बापांची दुकानं बंद केलीत. तीच पोरं मिशी फुटल्यावर डेपोत जातात, तिथे पोटभर खातात आणि नको त्या वयात वाढतात. बघ त्यांचे घोटे."

"संरक्षण नको का मग देशाला?"

"हवं. मी कुठं नको म्हटलं? मीच तर त्यांना कपडे घालतेय. दाराला कडी हवीच. पण घरातल्यांना उपाशी ठेवून कडी सोन्याची करायची, आणि वर माझ्याच दारावर फलक लावायचा की घर वाढतंय. कुणाचं? माझ्या टेपावर तरी दिसत नाही."

त्यांनी तारेवरच्या अगदी जुन्या पट्ट्यांतली एक बाजूला काढली आणि तिच्यावरच्या सगळ्यांत खालच्या रेघेवर नख टेकवलं. "ही तुझी. तुझी दुमड मी तीनदा सोडली, शेवटी वेगळ्या कापडाचा तुकडा जोडावा लागला. शाळेतल्या दुधाचे दोन-दोन पेले प्यायचास तू. आठवतं का?"

पुढाऱ्यांनी रेघेकडे पाहिलं नाही. कॅमेऱ्याकडे पाहिलं. तो चालू होता.

"बंद कर ते," ते म्हणाले.

"राहू दे की," काकू म्हणाल्या. "दोन वाक्यं हवी होती ना तुला. जरा जास्त झाली, फुकट घे."

पुढारी फोटो न काढताच निघाले. जाताना दारात साहेबांना म्हणाले, "मशीनं उचला."

साहेब फाइल उघडून बसलेले. हा माणूस वाईट नव्हता आणि चांगलाही नव्हता, तो नियमाचा होता. दोन्ही जवानांच्या पँटींचं टोक त्यांनी स्वतः उलटं करून पाहिलं होतं. एक बोट दुमड, सगळी सोडलेली, धागे लोंबताहेत. मग त्यांनी लिहिलं आणि लिहिलेलं वाचून दाखवलं : कापड जागेवर हजर, तूट नाही. काम कागदाप्रमाणे नाही, सबब पुढचं काम देऊ नये.

"मशीनं?" सुनेनं विचारलं.

"तूट असती तर नेली असती. तूट नाही." पुढाऱ्यांच्या पाठीकडे न बघता त्यांनी टोपण पेनाला लावलं. "या अकराशे साठ पँटी मी नेतो. दुमड कापायला लावत नाही."

"का?" काकूंनी विचारलं.

साहेबांनी फाइल बंद केली आणि जवानांना हात केला. लांब डाव्या पायाचा जवान पँटींचे गठ्ठे ट्रकात चढवू लागला.

*

दुपारी तीनला वीज गेली. तोफांच्या कारखान्याची गेली नाही, रस्त्यावरच्या दिव्यांची गेली नाही, फक्त शिवणखान्याची गेली. मास्तर खांबाकडे बघून आले आणि म्हणाले, वरून तार काढून नेलीय.

बाया मशीनांवर हात ठेवून बसून राहिल्या. मशीनं राहिली होती, पण ती आता नुसती लोखंडं होती.

"झालं मनासारखं?" मास्तर पुटपुटले. "दोन वाक्यं बोलला असतात तर जीभ झिजली असती का?"

"झिजली असती," काकू म्हणाल्या. "माळ्यावर चढा."

"माळ्यावर काय आहे?"

"ज्याला तुम्ही दहा वर्षं भंगार म्हणताय ते."

विजेची मशीनं आली तेव्हा जुन्या, पायानं चालणाऱ्या मशीनांचे पायटे भंगारात द्यायला काकूंनी साफ नकार दिला होता. लोखंडाच्या जाळीचे ते जड पायटे, सोबत लाकडी चाकं, एकावर एक रचून माळ्यावर पडलेले. त्यावरून मास्तरांनी कितीदा टोमणे मारले होते. आता ते स्वतःच धूळ खात एकेक खाली देऊ लागले. नव्या मशीनांना जुना पट्टा बसेना, चाकाचा घेर वेगळा. तेव्हा सून बाहेर गेली आणि पायरीवर दात कोरत बसलेल्या लेथवाल्याला घेऊन आली.

"वीज नाही माझ्याकडे," लेथवाला म्हणाला.

"माझ्याकडेही नाही," काकू म्हणाल्या. "हात आहेत ना? कानस आहे ना? तीन वर्षं दात घासलेस, आता लोखंड घास."

संध्याकाळपर्यंत चार मशीनं पायावर चालू लागली. दुसऱ्या दिवशी नऊ झाली. काजवालीनं पहिल्यांदा पायटा दाबला तेव्हा मशीन उलटं फिरलं आणि दोरा तुटला. काकूंनी तिला काहीबाही ऐकवलं, आणि ते ऐकून सगळ्यांना घरी आल्यासारखं वाटलं. काम कुठून येणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. सुनेनं नदीपलीकडच्या शाळेत जाऊन सांगितलं, की जुनं-पानं कापड आणा, घरातला पडदा चालेल, चादर चालेल, पोराची पँट करून देऊ. दोन दिवसांत अकरा आया आल्या. अकरा म्हणजे काही फार नव्हेत.

काकूंनी पट्ट्यांची तार परत आत लावलीच नाही. ती त्यांनी बाहेर, दारावरच्या फलकाच्या बरोबर खाली, या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत बांधली. सव्वीस पट्ट्या रस्त्यावर वाऱ्यानं हलायच्या. आधी लोक हसले. मग एका बाईनं स्वतःच्या भावाची रेघ शोधली, मग स्वतःच्या मुलाची, आणि दोन्ही पट्ट्या शेजारी धरून ती बराच वेळ उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिथे सातआठ जणं होती.

तिसऱ्या दिवशी पुढाऱ्यांचा माणूस आला.

"भाऊंनी सांगितलंय, ती लक्तरं काढा. फलकाखाली शोभत नाहीत."

काकू पायट्यावर होत्या. त्यांनी शिवण संपवली, दोरा तोडला.

"भाऊंना म्हणावं, फलक काढा. लक्तरांवर शोभत नाही."

"मग मी काढू का?"

"काढ की. शिडी आत आहे." काकूंनी टेप गळ्यात घातला. "पण आधी तुझ्या पोराला आण. चौथीत आहे ना यंदा? सत्ताविसावी पट्टी त्याच्यापासून सुरू करते. त्याची रेघ कुठे येते ते बघ, आणि मग चढ शिडीवर."

माणसानं तारेवरच्या शेवटच्या पट्टीकडे पाहिलं. मग तो आल्या वाटेनं निघून गेला. शिडी आतच राहिली.

मास्तरांनी कुणाच्या तरी घरचा निळा पडदा टेबलावर पसरला आणि खडूनं रेघ मारायला वाकले. कापड जेमतेम होतं.

"काकू, दुमड किती ठेवू? एक बोट ठेवली तर दोन पँटी निघतील."

"आणि तीन ठेवली तर?"

"दीड."

"मग दीड पँट काढा," काकू म्हणाल्या, "आणि उरलेल्या अर्धीसाठी दुसरा पडदा शोधा."